नागपूरहून पेण-रोह्याला

नागपूर, शनिवार रात्र

ती. आईस सा. न.,

सुखरूप पोचले. प्रशिक्षण सुरू झालं, वसतिगृहात खोलीही बरी मिळाली, पण थंडी विचारू नकोस. आपल्याकडे पहाटे एक गोधडी ओढली की भागतं. इथे स्वेटर, शाल, वर ब्लँकेट घेऊनही पाय गार ते गारच. हवा कोरडी, ओठ फुटून रक्त येतंय. कोकमाचं तेल डबीत भरून ठेवलं होतंस ते फडताळातच राहिलं.

सकाळी तर्री-पोहे असतात. पोह्यांवर हरभऱ्याचा लाल, झणझणीत रस्सा ओततात. चव छान, पण पोहे आपल्या पेणचे नव्हेत हे पहिल्या घासालाच कळलं. दुपारी पोळ्या, रात्री पुन्हा पोळ्या. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण डोळ्यांपुढून हलत नाही.

दीक्षाभूमी आणि अजब बंगला पाहून झाले. उद्या सुट्टी, म्हणून जुनी दगडी वर्तुळं पाहायला जुनापाणीला जाणार. वाट विचारायला एका कचेरीत गेले, तर कारकुनाने मानही वर न करता सांगितलं, “काही नाही तिथे. दगड आहेत.” आणि खिडकी लावून घेतली. फार राग आला. अजूनही गेला नाही.

कारखान्यात माघी गणपतींची गर्दी असेल. तात्यांना म्हणावं, डोळ्यांची आखणी रात्री दिव्याखाली करू नका.

तुझी,
सुमा

नागपूर, रविवार संध्याकाळ

ती. आत्यास सा. न.,

रोह्याला सगळे पोपटीला जमले असतील आणि मी इथे, म्हणून तुलाच लिहायला बसले. वालाच्या शेंगा यंदा भरल्या का गं? भांबुर्ड्याचा वास पार इथवर येतोय असं वाटतं.

काटोल रस्त्याने जुनापाणीला गेले. रिक्षावाल्याने जाऊन-येऊन हजार मागितले, आठशेवर आला. माळावर काळ्या धोंड्यांची वर्तुळं, एकाला लागून दुसरं. अशी सुमारे तीनशे आहेत. ही वर्तुळं म्हणजे दफनांच्या खुणा, अडीच हजार वर्षांहून जुन्या. आत माती नि दगडगोटे भरलेले, मधे जरासा उंचवटा. काही धोंड्यांवर ओळीने कोरलेले वाटीसारखे खळगे आहेत. एकात बोटं घालून पाहिली, कडा झिजून गुळगुळीत झाल्या आहेत. ते का कोरले असतील, हे विचारत बराच वेळ उन्हात उभी राहिले.

इंग्रजांच्या काळात रिव्हेट-कार्नॅक नावाच्या अधिकाऱ्याने इथे खोदलं, पुढे १९६१-६२ मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने. मेलेल्याजवळ लोखंडाची हत्यारं आणि मडकी ठेवलेली मिळाली. जवळच माहुरझरीला घोडेही पुरलेले सापडले, तांब्याच्या साजासकट. नायकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच निघाली. ही माणसं रानटी नव्हती, आत्या. आपल्या माणसासाठी एवढाले धोंडे ओढत आणणाऱ्यांना माया नव्हती असं कोण म्हणेल?

त्यांची मडकी बाहेरून लाल, आतून आणि काठाशी काळी. पालथी घालून भाजली की आत हवा पोचत नाही आणि काळा रंग धरतो, असं जाणकार सांगतात. आपलं शेंगा भाजायचं पोपटीचं मडकंही विस्तवात पालथंच असतं ना! ते मनात आल्यावर घरची इतकी आठवण आली की परतीच्या वाटेवर बोलवेना.

माझ्या वाटणीच्या शेंगा ठेवू नकोस, गार झाल्या की त्यात राम नाही. पिंट्याला दे.

तुझी,
सुमा

नागपूर, मंगळवार, घाईत

ती. आईस सा. न.,

उद्या रात्रीची गाडी. संत्री घेतली आहेत, पिंट्याने मागितलेली बर्फीही.

त्या कारकुनाचं “दगड आहेत” हे बोलणं मनातून जात नाही. तिकडे जपानात बघ, साकाई शहरात पाचव्या शतकातलं दाइसेन कोफुन, म्हणजे थडग्यावरची टेकडी आहे, किल्लीच्या भोकाच्या आकाराचं, ४८६ मीटर लांब, भोवती तीन खंदक. चहूबाजूंनी शहर वाढलं, तरी त्या टेकडीवर सामान्य माणसाला पाऊल टाकू देत नाहीत. २०१९ मध्ये त्याच्यासह त्या भागातल्या ४९ कोफुनांना जागतिक वारशाचा मान मिळाला. जुनापाणीची वर्तुळं त्यांच्याहून हजारेक वर्षांनी जुनी. कायद्याने संरक्षित आहेत, पण विदर्भात इतर ठिकाणची कितीतरी शेतांत आणि रस्त्यांत गेली. धोंडा एकदा हलला की खाली कोण होतं, कसं निजवलं होतं, ते कायमचं गेलं. राजाचं थडगं जपायला सगळे पुढे येतात. ज्याचं नावही उरलं नाही, त्याचं आपणच जपायला हवं.

म्हणून लिहिते. तुझ्या पत्रात होतं की देवळाच्या जीर्णोद्धारात मागचा वीरगळ, कुणा वीराच्या आठवणीचा दगड, काढून पायरीला लावायचं ठरतंय. तात्यांना सांग, बैठकीत उभं राहून नको म्हणा. मी येईपर्यंत त्याला कुणी हात लावू नये. तिथेच साधा ओटा बांधू, खर्चातला माझा वाटा मी देईन.

तुझी,
सुमा