आमच्यात असं होत नाही

मे २०१२ मध्ये परळीच्या डॉ. सुदाम मुंडे यांच्या दवाखान्यात चार मुलींची आई गर्भपात करताना दगावली. सहावा महिना होता. पोटात पुन्हा मुलगीच होती. मी तेव्हा बी.एड. करत होते. पेपर खाली ठेवून अब्बा म्हणाले, "अल्ला का शुकर, अपने में ऐसा नहीं होता." मीही मान डोलावली.

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या. आमच्या औरंगाबाद (आताच्या छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यात ८५८. देशपातळीवर मुसलमानांचं प्रमाण थोडं बरं आहे, हे खरं. त्या थोड्यावरच आपण समाधानी राहतो.

पुढे काही वर्षांनी शेजारच्या भाभीचे पाय जड झाले. तीन मुली होत्या. एक दिवस ती नवऱ्याबरोबर "गावाकडे" गेली आणि आठवड्याने रिकामी होऊन आली. तिची थोरली माझ्याच वर्गात. "अम्मी बीमार है," एवढंच ती म्हणाली. मी यखनी करून नेली. भाभी भिंतीकडे तोंड करून पडली होती. नवरा "दुसरी करीन" म्हणत असे, ते भिंतीपलीकडून मला ऐकू येत होतं. तरी मी काही विचारलं नाही. यखनीचं भांडं घेऊन परत आले.

त्याच संध्याकाळी मी लेकीकडून अम्मपारा पाठ करून घेत होते. सूरह तकवीर आली. जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारलं जाईल, की तुला कोणत्या गुन्ह्यासाठी मारलं. लहानपणी मला वाटे, विचारायचं तर मारणाऱ्याला विचारावं, तिला कशाला? त्या दिवशी कळलं, की तिने बोलायला सुरुवात केली तर शेजारपाजारची नावंही निघतील.

याची दुसरी बाजूही मी पाहिली आहे. धाकट्या बहिणीच्या हृदयाची झडप खराब. दुसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बाळंतपण तिला झेपणार नाही. अम्मी कुराण घेऊन बसली. ओळखीच्या मौलाना साहेबांना विचारलं. एकशेवीस दिवसांआधी, खरी मजबुरी असेल तर बऱ्याच हनफी उलेमांनी सूट दिली आहे, काहींनी नाही, असं त्यांनी न चिडता समजावलं. आईचा जीव आधी, हेही सांगितलं. १९७१ च्या कायद्यानेही तिला वाट होती. त्या कायद्याला सज्ञान बाईची संमती पुरते. तरी दवाखान्यात नवऱ्याची सही मागितली, आणि तो आखातात! दोन दिवस त्यात गेले. मी तिच्याबरोबर होते. खूप रडले, पण रात्री झोप लागली.

भाभीच्या वेळी लागली नव्हती. दोन्हीकडे गर्भच गेला, पण एकीला वाचवायचं होतं, आणि दुसरीला कोणी विचारलंच नव्हतं. तिला गुन्हेगार म्हणायला माझी जीभ उचलत नाही. परळीच्या खटल्यात फेब्रुवारी २०१९ मध्ये डॉक्टर पती-पत्नीबरोबर मेलेल्या बाईच्या नवऱ्यालाही दहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा मला बरं वाटलं, हे कबूल करते.

मागच्या महिन्यात भाभी दारात आली. पुन्हा दिवस गेलेत. "बाजी, सोनोग्राफी को चलते क्या साथ?"

"चलूंगी," मी म्हणाले. "मगर किसलिए?"

ती पायातल्या चपलेकडे बघत राहिली. मी तिला आत बोलावलं आणि चहा ठेवला.