मिरीच्या वाटेवरच्या विहिरी

इजिप्तमध्ये नाईल नदी आणि तांबडा समुद्र यांच्यामधल्या वाळवंटात रोमन लष्कराने राखलेल्या रस्त्यांच्या खुणा आजही दिसतात. त्यांना फरसबंदी नाही. वाटेतले दगडगोटे वेचून दोन्ही कडांना सारले, की मधे जो मोकळा पट्टा उरतो, तोच रस्ता.

यांतला एक नाईलकाठच्या कॉप्टॉसहून बेरेनिके बंदरापर्यंत जाई. प्लिनीच्या नोंदीप्रमाणे या प्रवासास १२ दिवस लागत. उन्हाच्या तडाख्यामुळे काफिले बहुधा रात्री चालत आणि दिवस मुक्कामावर काढत. बेरेनिकेहून निघालेली गलबते मोसमी वाऱ्यांवर भारत गाठत. तेथील सेरापिसच्या मंदिरात भारतीय घडणीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. ‘कोर्रन’ हे तमिळ-ब्राह्मीतले नाव मिरवणारे खापर मिळाले आणि २०२२ मध्ये इसिसच्या मंदिरात संगमरवरी बुद्धमूर्तीही हाती आली.

भारतात या व्यापाराचा विषय निघतो तो बहुधा रोमन सोन्याच्या अभिमानाने. भारत दरवर्षी साम्राज्याचे ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, ही प्लिनीची तक्रार सर्वांना पाठ असते. परंतु वाळवंटात सोन्याने तहान भागत नाही. सम्राट व्हेस्पासियनच्या काळातील, इ.स. ७६-७७ मधील एक शिलालेख या दृष्टीने बोलका आहे. बेरेनिकेहून परतताना इजिप्तचा प्रांताधिपती ज्युलियस उर्सस याने वाटेत पाण्याचा शोध घेण्याची आज्ञा दिली. पाणी लागल्यावरच तेथे चौकी आणि हौद बांधावयाचे होते. आधी विहीर, मग तट. मिरीचा व्यापार या क्रमावर उभा होता.

त्या चौक्यांतून गेलेला मौल्यवान माल तेथे थांबला नाही. उरले ते उकिरडे. फ्रेंच संशोधकांनी ते उकरले, तेव्हा शाईने लिहिलेली हजारो खापरे निघाली: शिपायांची पत्रे, टपालाच्या नोंदी, भाजीपाल्याची मागणी. मिओस होर्मोस या दुसऱ्या बंदराच्या वाटेवर क्रोकोदिलो नावाची चौकी होती. तेथील एका मातीच्या कुंभावर इ.स. ११८ मधील एका पत्राची नक्कल आहे. ६० हल्लेखोरांनी एका चौकीला वेढा घातला, एक स्त्री आणि दोन मुले पळवून नेली, असे एक घोडेस्वार त्यात कळवतो. तटाच्या आत केवळ सैनिक नव्हते, संसारही होते. कॉप्टॉस येथील इ.स. ९० च्या जकातीच्या शिलालेखातही त्यांची दखल आहे: खलाशास ५ द्राख्मा, शिपायाच्या बाईस २०, तर मिरवत नेल्या जाणाऱ्या प्रेतालाही कर होता.

मुझिरीसचा व्यापारी आणि रोमचा ग्राहक इतिहासाच्या पुस्तकांत भेटतात. त्यांच्यामधली ही माणसे खापरांवाचून कुणालाच कळली नसती.

ती खापरे आणि तो रस्ता आता मात्र जपावे लागतील. अलीकडच्या वर्षांत सोन्याच्या शोधात या वाळवंटात यंत्रे फिरू लागली असून काही प्राचीन स्थळांची नासधूस झाली आहे. पडक्या भिंतीचा पाया तरी राहतो. दगड वेचून केलेल्या वाटेला पाया नसतो; यंत्राचा नांगर एकदा फिरला, की ती आजूबाजूच्या मातीसारखीच होऊन जाते.