राहिलेले रोजे

रमजानचा सबंध महिना बाईच्या वाट्याला सहसा येत नाही. पाळीच्या दिवसांत रोजा धरता येत नाही. हट्टानं धरला तरी तो रोजा होत नाही. त्या दिवसांतली नमाज कायमची माफ, रोजा मात्र माफ नाही. तो ईदनंतर, पुढचा रमजान उजाडायच्या आत, एकेक करून फेडायचा. हे कजा रोजे. बारा-तेराव्या वर्षी हे खातं उघडतं आणि पन्नाशीच्या आसपास बंद होतं. पुरुषांचंही असतं, आजारपणाचं, प्रवासाचं; पण त्यांचं कधीतरी. आमचं दरसालचं.

माझं उघडलं 1978 साली. रमजान ऑगस्टात आला होता, दाभोळच्या खाडीवर पावसाची झड लागलेली, सूर्य दिसायचा नाही म्हणून रोजा सोडायची वेळ मशिदीतल्या घड्याळावर. अम्मीनं मला सहेरीला उठवलं नाही म्हणून मी रडले. थोरल्या भावाशी पैज होती, सगळे रोजे पुरे करायचे. दादी चुलीपाशी बसली होती. ती म्हणाली, "अल्लानं सुटी दिलान, आन् तू कोन नको म्हननारी?" अम्मीनं भिंतीवरच्या कालनिर्णयवर त्या तारखांच्या कोपऱ्यात पेन्सिलीचे बारीक ठिपके दिले. कुणाला दिसले तरी दुधाचा हिशेब वाटावा इतके बारीक. तिचे स्वतःचे ठिपके त्याच पानावर, पण खालच्या कोपऱ्यात.

सुटी खरी, पण ती उजळ माथ्यानं घेता यायची नाही. घरातल्या पुरुषांसमोर खायचं नाही, म्हणजे रोजा नसतानाही दिवसभर रोजेदारासारखं तोंड करून वावरायचं. दुपारी मागच्या पडवीत पाठमोरं बसून तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी खाल्लेली मला आठवते. देवानं ज्यात लाज मानली नाही त्यात माणसांनी का मानावी, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही पटत नाही. माझ्या घरात मी ते चालू दिलं नाही.

हिजरी सनाच्या दुसऱ्या वर्षी, म्हणजे इसवी सन 624 मध्ये, मदिनेत रमजानचे रोजे फर्ज झाले. आजाऱ्याला आणि मुसाफिराला सवलत त्याच हुकमात आहे: तेवढे दिवस नंतर भरून काढा. सोसवत नसेल त्यानं गरिबाला जेवू घालावं. तुमची सोय बघायची आहे, अडचण करायची नाही, असं कारणही तिथंच दिलेलं. मला या नियमांत सगळ्यात भावतं ते हे, की कायदा सांगतानाच पळवाट नव्हे, चांगला रुंद दरवाजा ठेवलाय. विसरून काही खाल्लं-प्यालं तर रोजा मोडत नाही; अल्लानंच खाऊ घातलं असं समजून पुढं चालायचं. आठवण झाली की तिथंच थांबायचं, एवढंच. उलट दिवसभर पाण्याचा थेंब नाही आणि जीभ शेजारणीच्या चहाड्यांत, तर हाती फक्त भूक लागते. हे दादी वारंवार सांगायची, बहुधा शेजारणीलाच ऐकू जावं म्हणून.

रमजानचे रोजे तसे कठीण नसतातच. सगळं गाव उपाशी असतं. सहेरीला भोंगा उठवतो, संध्याकाळी या घरातून त्या घरात ताटं जातात, कारण दुसऱ्याचा रोजा सोडवणाऱ्याला त्याच्याइतकंच पुण्य, त्याच्यातलं काही कमी न होता. रात्री तरावीह, शेवटच्या दहा दिवसांत कुणी मशिदीत इतिकाफला बसलेलं, विषम रात्रींत शब-ए-कद्रचा शोध. महिनाभराची जत्रा म्हणा ना.

कजा रोजा म्हणजे जत्रा उठून गेल्यावरचं मैदान. कुणी उठवत नाही. गजर लावायचा, तोही उशीखाली, बाकीच्यांची झोप मोडू नये म्हणून. अंधारात कालची भाकरी दुधात कुस्करून खायची. नियत रात्रीच, उजाडायच्या आत करायची. मग उठून सगळ्या घराचा चहा, नाश्ता, डबे. कालवणाचं मीठ जिभेच्या टोकावर बघून थुंकायची स्वयंपाक करणाऱ्याला मुभा आहे, पण अम्मीनं ती कधी घेतली नाही. धाकट्या भावाला हाक मारायची, त्याच्या तळहातावर रस्सा घालायची आणि त्याचं तोंड बघायची. त्याच्या भिवया वर गेल्या की पाणी ओतायची.

लग्न होऊन मी कराडला आले आणि एका अर्थी दुसऱ्या मुलखात आले. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मताचे, सासरचे हनफी मताचे. रोजा तोच, चंद्र तोच, पण बारीकसारीक कलमं निराळी. 1990 चा रमजान मार्चअखेरीला लागला तेव्हा मी गरोदर होते आणि डॉक्टरीणबाईंनी साफ नाही सांगितलं. सगळा महिनाच खात्यावर चढला. सासूबाई म्हणाल्या, "बेटा, नंतर कजा करायची, झालं." अम्मीचं पत्र आलं, त्यात दुसरंच. शाफई मताप्रमाणे पोटातल्या बाळाच्या काळजीनं रोजे सोडले असतील तर कजा आहेच, वर दर रोज्यामागं एक मुद धान्य गरिबाला. पुढचा रमजान विनाकारण उलटू दिला तर त्या उशिराचंही पुन्हा तेवढंच. हनफींकडे या दोन्हींतलं काही नाही. सासूबाईंनी पत्र ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे व्याज लावतात वाटतं." त्यावर आम्ही दोघी बराच वेळ हसलो. तांदूळ मात्र त्यांनीच मोजून दिला.

मुलगी वरचं खाऊ लागली तशी मी फेड सुरू केली. थंडीचे दिवस धरले, कारण आपल्याकडे डिसेंबरातला दिवस जूनपेक्षा दोन तासांनी लहान. हिवाळ्यातल्या रोज्याला तर विनाकष्टाची लूट म्हटलेलं आहे. शाळेत शिकवत होते. सोमवार-गुरुवारचे रोजे नबींच्या आवडीचे, म्हणून मी गुरुवार निवडला, आणि तो निघाला मार्गशीर्षातला. शिक्षकखोलीतल्या निम्म्या बायकांना महालक्ष्मीचा उपास. मधल्या सुट्टीत शेंगदाण्याचे लाडू, केळी, साबुदाण्याची खिचडी, चहा. माझ्यापुढंही वाटी आली. "माझाही उपास आहे," म्हटलं. "मग घ्या की, उपासाचंच आहे." "पाणीसुद्धा नाही." यावर एक ज्येष्ठ बाई चमचा खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, पण रमजान तर कधीच झाला!" राहिलेले आहेत, एवढंच सांगितलं. कसले राहिलेले ते बायकाच असल्यानं कुणाला विचारावं लागलं नाही. पुढच्या गुरुवारी त्या बाईंनी लाडू कागदात बांधून माझ्या पिशवीत टाकला. "संध्याकाळी, तुमच्या वेळेला."

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून, खजूर नव्हता म्हणून पाण्याच्या घोटावर आणि त्या लाडवावर रोजा सोडला. बाहेर नवऱ्याचे मित्र आले होते, चहाची दुसरी फेरी चालली होती, अजान नीट ऐकूही आली नाही. बाकी सगळ्या इबादती लोकांना दिसतात, रोजा दिसत नाही. म्हणून तो खास त्याच्यासाठी, त्याचं फळही तो स्वतः देणार, असं नबींच्या तोंडून अल्लानं सांगितल्याचं लहानपणापासून ऐकलं होतं. पण रमजानात ते मला कधी पटायचं नाही. तिथं सगळ्यांचाच रोजा, सगळ्यांना माहीत. खरा कुणाला न दिसणारा रोजा मला ओट्यापाशी भेटला. आजही कुणी मला रमजानचं माहात्म्य विचारलं तर मी मनात कजा रोज्याचं सांगत असते.

घाई दरवर्षी व्हायचीच. रमजानच्या आधीचा शाबान लागला की कालनिर्णयवरचे न पुसलेले ठिपके मोठे दिसायला लागतात. यात एक दिलासा आहे. हजरत आयेशासुद्धा आपले राहिलेले रोजे शाबानमध्येच पुरे करू शकायच्या, अशी हदीस आहे. नबींच्या घरातही बाईच्या कामाला उरक नव्हता तर! मौलवी ही हदीस उशीर चालतो हे दाखवायला सांगतात. मला तीत कामाचा ढीग दिसतो.

चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, त्यामुळं रमजान दरसाल दहा-अकरा दिवस मागं सरकतो आणि तेहेतीसेक वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2011 ला तो पुन्हा ऑगस्टात आला तेव्हा माझं ठिपक्यांचं खातं मिटत आलं होतं. सलग महिना पुरा व्हायला लागला. पैज लावलेला भाऊ तेव्हा दुबईत होता. फोनवर सांगितलं तर त्याला पैज आठवेना. थोडी वर्षं अशी गेली. मग मधुमेह, मग इन्शुलिन. डॉक्टरांनी पहिल्या वर्षी समजावलं, दुसऱ्या वर्षी दरडावलं.

बरं व्हायची आशा असलेल्या आजाराला कजा. ज्यातून उठणं नाही त्याला फिदिया, रोज्यामागं एका गरिबाचं जेवण. म्हणजे आता फेडायचं काही राहत नाही, धान्य दिलं की मोकळं. सगळ्यांना वाटतं मला रमजान चुकल्याचं वाईट वाटत असेल. तेही वाटतं. पण जास्त चुकतात ते डिसेंबरातले गुरुवार. मुलगी पुण्याहून फोन करते, रमजाननंतरच्या शव्वालचे सहा रोजे आधी धरू की कजा? रमजानचे तीस आणि हे सहा, दर नेकीला दहापट धरली तर तीनशे साठ, म्हणजे वर्षभराच्या रोज्यांचं पुण्य. पण खात्यावर बाकी असताना हा जादा धंदा करावा का, यावर आलिमांचीही मतं निरनिराळी. मी तिला सांगते, आधी बाकी. तिला ते पटत नाही. शव्वाल महिनाभरच असतो, कजाला वर्ष पडलंय, असा तिचा हिशेब, आणि तोही काही चुकीचा नाही.

फिदियाच्या मापावरून आमच्या घरात पहिल्या वर्षी खल झाला. माझ्या शाफई हिशेबानं एक मुद, म्हणजे पाऊण किलो धरून तांदूळ. यांच्या हनफी हिशेबानं अर्धा साअ, पावणेदोन किलोच्या आसपास गहू. हे म्हणाले, "तू शाफई, तुझं तुझ्या मापानं दे." मी म्हटलं, जेवणारीला विचारू. आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईंच्या ओळखीची एक म्हातारी एकटी राहते, तिच्याकडे द्यायचं ठरलं होतं. तिनं सांगितलं, गहू दळून आणायला कुणी नाही, तांदूळच द्या. तेव्हापासून तांदूळच जातो, पण मापानं पावणेदोन किलो.