काळ्या दगडाच्या तीन जाती

१२ डिसेंबर, नागपूर

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची मुलं कुरकुरताहेत. पुस्तकातले खडक हिमालयातले, नाहीतर परदेशातले. "आपल्याकडे काय आहे सर, जिकडे पाहा तिकडे काळाच दगड!" म्हटलं, ठीक आहे, यंदाची सहल पन्नास किलोमीटरच्या पलीकडे न्यायचीच नाही. अग्निजन्य, गाळाचे आणि रूपांतरित, तिन्ही प्रकार एवढ्यात दाखवता येतात. दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड नागपुरातूनच जाते. पश्चिमेकडच्या टेकड्या बेसाल्टच्या, तर पूर्वेला जमिनीखाली त्याहून कितीतरी जुने खडक. शहरातल्या किती जणांना हे ठाऊक असेल!

सुरुवात सेमिनरी हिल्सपासून केली. बेसाल्टचा ताजा फुटलेला कपचा भिंगाखाली धरला. दाणे दिसतात का? नाही. लाव्हा जमिनीवर येऊन भराभर थंड झाला, स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही. हाच रस खोल जमिनीत सावकाश थिजला असता तर नुसत्या डोळ्यांनी दाणे दिसले असते आणि त्याला आपण गॅब्रो म्हटलं असतं. अग्निजन्य खडकाला विचारायचे मुख्य प्रश्न दोनच: दाणा केवढा आणि सिलिका किती? बेसाल्टमध्ये सिलिका साधारण ५० टक्के, ग्रॅनाइटमध्ये ७० टक्क्यांच्या आसपास. म्हणून तो काळा आणि हा फिकट.

एका मुलीला पांढरे ठिपके असलेला तुकडा सापडला. लाव्हातून वायू निसटताना राहिलेल्या पोकळ्या त्या. पुढे झिरपत्या पाण्याने त्यांत झिओलाइट, कॅल्साइट आणून भरले. दगड ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, ठिपके त्यानंतरचे.

१३ डिसेंबर

टाकळीचा भाग. आता सगळीकडे घरं. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी १८५० च्या दशकात इथल्या लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातून गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे शंख, फळं, बिया गोळा केल्या आणि १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात बुडून गेला.

"मग अग्निजन्य खडकात जीवाश्म सापडतात म्हणायचं का?" प्रश्न चांगला होता. जीवाश्म लाव्हात नाहीत, दोन लाव्हांच्या मधल्या गाळात आहेत. एक थर थंडावल्यावर तळी साचली, त्यांत जीव नांदले, चिखल बसला आणि मग वरून पुढचा लाव्हा आला. वर लाव्हा, खाली लाव्हा असला तरी मधला थर गाळाचाच. शेजारी कोण आहे यावरून खडकाची जात ठरत नाही.

१८ डिसेंबर, कामठी

इथला वालुकाश्म तांबूस-पिवळा, हाताला खरखरीत. बोटाने घासला की रेती सुटते. साधारण २५ कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणून टाकलेली ही रेती. लोहाच्या ऑक्साइडने दाणे जोडले गेले आणि रंगही त्यानेच दिला. ग्लॉसॉप्टेरिस या वनस्पतीच्या पानांचे ठसे याच खडकात मिळाले. त्याच्याखालच्या थरांत कोळसा.

गाळाच्या खडकांची वर्गवारी इथे सोपी जाते. दाणा २ मिलिमीटरहून मोठा असेल तर गोटे जोडून झालेला पिंडाश्म, २ मिलिमीटरपासून त्याच्या बत्तिसाव्या हिश्शापर्यंत वालुकाश्म, त्याहून बारीक म्हणजे चिखलाचे खडक, शेल वगैरे. पाण्यात विरघळलेला चुना साचून झालेला चुनखडक किंवा झाडांपासून झालेला कोळसा यांना मात्र दाण्याचं माप लागू नाही. ते कशापासून झाले, हे पाहायचं.

विहिरी खोदणारा एक म्हातारा आमचा उद्योग बघत होता. म्हणाला, "हा दगड पानी पेते साहेब, तो काळा नाई पेत." मुलांनी दोन्ही तुकड्यांवर बाटलीतून पाणी टाकून पाहिलं. वालुकाश्मावरचं पाणी बघता बघता आत गेलं, बेसाल्टवरून ओघळून पडलं. दाण्यांमधली मोकळी जागा समजवायला मला पाऊण तास लागतो.

२४ डिसेंबर, मनसर

नागपूर-जबलपूर रस्ता. इथे सगळंच बदलतं. अभ्रकाचा शिस्ट उन्हात चकाकतो, नखाने पापुद्रे सुटतात. मुलांना वाटलं, हे गाळाचे थर. नव्हेत. मूळचा चिखलच, पण शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास तो खोल गेला, दाबला गेला, तापला. न वितळता, घन असतानाच त्यात नवी खनिजं वाढली आणि दाबामुळे सगळी एका दिशेने आडवी झाली.

रूपांतरित खडकाचे म्हणून दोन गट. पापुद्रे असलेले: स्लेट, शिस्ट, नाइस. नसलेले: संगमरवर, क्वार्ट्‌झाइट. क्वार्ट्‌झाइट आणि कामठीचा वालुकाश्म शेजारी ठेवून फोडले. वालुकाश्म दाण्यांना वळसा घालून फुटतो, क्वार्ट्‌झाइट दाणे कापत फुटतो. डोलोमाइटच्या संगमरवरावर पातळ आम्ल टाकलं तर ढिम्म. पावडर केली तेव्हा बुडबुडे आले.

इथलं मँगनीजही असंच, समुद्रतळावर साचून पुढे रूपांतरित झालेलं. त्याच्याबरोबर सापडणाऱ्या गार्नेट आणि क्वार्ट्‌झच्या खडकाला भूवैज्ञानिक लुईस फर्मोरने गोंडांवरून गोंडाइट नाव दिलं. मँगनीजच्या साठ्यांवरचा त्याचा मोठा ग्रंथ १९०९ चा.

२६ डिसेंबर

प्रयोगशाळेत सगळे नमुने टेबलावर ओतले आणि लावायला सांगितले. मुलांनी रंगाने लावले. काळ्यांत सेमिनरी हिल्सचा बेसाल्ट, कामठीकडचा कोळसा आणि मनसरचं मँगनीज. म्हटलं, आता हातात घ्या. कोळसा हलका, मँगनीज वजनाने मनगट वाकवणारं, बेसाल्ट मधला. एक लाव्हा, एक जंगल, एक समुद्रतळ. पुढच्या दहा मिनिटांत टेबल मुलांनी आपणहूनच पुन्हा लावलं.

२ जानेवारी

मुलं आता घरून दगड आणू लागली आहेत. आनंद आहे, पण निम्म्यांवर गावाचं नाव नाही. फलकावर लिहून ठेवलं: खडकाची जात रंगावर नाही, जन्मावर ठरते, आणि जन्म कळायला जागा कळावी लागते. तेव्हा विहीर खोदताना, पाया घेताना वेगळा दगड निघाला तर फेकू नका. गाव, खोली आणि वर-खाली काय होतं ते चिठ्ठीवर लिहा, दगडाला बांधा आणि जवळच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या मास्तरांकडे पोचवा.