आकाशाचा तुकडा ओळखायला लावणाऱ्या खेळास

प्रिय खेळा,



तुझं रूप अगदी साधं. कुणीतरी एखादं खगोलचित्र निवडतं, त्याचा बोटभर तुकडा कापतं आणि सगळ्यांपुढे ठेवतं: सांगा, हे काय? मग कुठकुठल्या देशांत बसलेली माणसं तर्क लढवतात. ज्याचं उत्तर बरोबर, पुढचा तुकडा कापायचा मान त्याचा. बक्षीस नाही, निकाल नाही. तरी तुला पत्र लिहावंसं वाटलं, कारण खगोलचित्रं मला आधीपासून आवडत होती, पण ती नीट पाहायला तू शिकवलंस.

गाजलेली चित्रं आपल्यापर्यंत नावासकट येतात. 'सृष्टीचे स्तंभ' हे शब्द वाचले की नजर तीन खांबांवर जाते, मन भारावतं आणि बोट पुढच्या चित्राकडे सरकतं. तू खांबच काढून घेतोस. हातात ठेवतोस तो कडेचा कोपरा: हिरवट धूसर पडदा, दोन-तीन गुलाबी तारे, एका बाजूला काळोख. भारावण्याजोगं काहीच उरत नाही, म्हणून मग पाहावं लागतं.

आणि पाहिलं की तो कोपरा बोलायला लागतो. गरुड तेजोमेघातल्या त्या खांबांचं पहिलं प्रसिद्ध चित्र जेफ हेस्टर आणि पॉल स्कोवन यांनी हबल दुर्बिणीकडून १ एप्रिल १९९५ रोजी टिपून घेतलं. त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पायऱ्यांसारखी काळी खाच आहे. तिथे अंतराळात काही नाही असं मुळीच नाही. त्या कॅमेऱ्यात चार संवेदक होते. तिघे आकाशाचा मोठा भाग पाहायचे आणि चौथा लहानसा भाग अधिक बारकाईने. चौथ्याचं चित्र इतरांच्या मापाला आणताना आक्रसावं लागे आणि उरलेली जागा काळी राही. हा कॅमेरा १९९३ च्या डिसेंबरात हबलवर बसवला गेला आणि २००९ च्या मे महिन्यात उतरवला गेला. म्हणजे तुकड्याच्या कडेला काटकोनात वळणारी काळी पायरी दिसली, तर तेजोमेघ कोणता हे कळायच्या आधीच दुर्बीण, कॅमेरा आणि काळ हाती येतो. २०१४ मध्ये नव्या कॅमेऱ्याने तेच खांब पुन्हा टिपले, तिथे ही पायरी नाही.

त्या गुलाबी ताऱ्यांचंही तसंच. या चित्रात गंधकाचा प्रकाश लाल, हायड्रोजनचा हिरवा आणि ऑक्सिजनचा निळा दाखवला आहे. गंधक आणि हायड्रोजन दोघांचाही प्रकाश आपल्या डोळ्यांना लालच दिसला असता आणि एकमेकांत मिसळून गेला असता, म्हणून ही वाटणी. पण हायड्रोजनचा प्रकाश बाकीच्या दोघांहून फार प्रखर असतो. तो आवरता घेतला नाही तर सगळं चित्र हिरवं होईल. हिरवा आवरला की ताऱ्यांच्या पांढऱ्या उजेडातलाही हिरवा कमी होतो आणि त्यांना जांभळट-गुलाबी झाक येते. त्या रंगाचे तारे दिसले की समजावं, हे तीन गाळण्यांमधून घेतलेलं चित्र आहे. 'रंग खोटे असतात' असं म्हणून या चित्रांवर फुली मारणारे लोक भेटतात, तेव्हा मला तुझी आठवण येते. रंगांना कारण असतं, आणि ते कारण शोधता येतं, हे तुझ्या एका डावात कळतं.

ताऱ्यांभोवती फुटणाऱ्या उजेडाच्या भाल्यांबद्दल तर किती लिहू! पाठमोरा माणूस चालीवरून ओळखावा, तशी दुर्बीण या भाल्यांवरून ओळखता येते. हबलचा दुय्यम आरसा चार पट्ट्यांनी धरलेला आहे, म्हणून तिच्या तेजस्वी ताऱ्यांना चार टोकं. वेब दुर्बिणीचा साडेसहा मीटरचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा, म्हणून तिथे सहा मोठी टोकं. शिवाय आधाराच्या दांड्यांमुळे दोन लहान, आडवी. भिंगाच्या दुर्बिणीत वाटेत पट्ट्याच नसतात, म्हणून भालेही नसतात. घरच्या गच्चीवरून न्यूटनी दुर्बिणीने चित्र घेणाऱ्याच्या ताऱ्यांना पुन्हा चार टोकं. तिथे हबलचा भास होतो, पण वातावरणातून आलेला तारा जरा फुगलेला असतो आणि तेवढ्यावरून निवाडा होतो.

सुरुवातीला वाटतं, भाले असलेला तो तारा आणि नसलेली ती दूरची दीर्घिका, झालं काम. मग कुणीतरी वेबने टिपलेल्या एनजीसी ७४६९ या दीर्घिकेच्या मध्याचा तुकडा ठेवतं आणि तिच्या गाभ्यातून भाले फुटलेले दिसतात. गाभ्यातल्या कृष्णविवराभोवती तापलेला वायू इतका तेजस्वी आणि इतका सूक्ष्म जागेत आहे, की दुर्बिणीच्या लेखी तोही एक बिंदूच. भाले वस्तूची जात सांगत नाहीत. उजेड किती लहानशा जागेतून येतो आहे, एवढंच सांगतात. हे मला एखाद्या पुस्तकाने सांगितलं असतं तर मी वाचून विसरलो असतो.

तुझी गरज किती आहे हे २०२२ च्या जुलैअखेर दिसलं. एतिएन क्लेन या नामवंत फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञाने ट्विटरवर काळ्या पार्श्वभूमीवरचं एक लालभडक वर्तुळ टाकलं. वेबने टिपलेला हा सव्वाचार प्रकाशवर्षांवरचा प्रॉक्सिमा सेंटॉरी, असं खाली लिहिलं. हजारोंनी विश्वास ठेवला. ती चोरिझोची चकती होती, आपल्या गोव्यातल्या चोरीसच्या जातकुळीतल्या सॉसेजची. मोठ्या माणसाच्या शब्दावर आणि बोलक्या चित्रांवर आंधळा विश्वास ठेवू नये हे त्याला दाखवायचं होतं. पुढे त्याने क्षमाही मागितली. मला त्या चकतीबद्दल एवढंच म्हणायचं आहे, की तुझ्यासोबत थोडे दिवस काढलेल्या कुणीही विचारलं असतं: वेबचा तारा, मग भाले कुठे आहेत? आता तर यंत्राने रचलेली आकाशं रोज मोबाइलवर येतात. एकाच दुर्बिणीने एकाच वेळी टिपलेल्या चित्रात सगळ्या ताऱ्यांचे भाले त्याच दिशांना असायला हवेत. एकाला पाच टोकं, शेजारच्याला सात, असं दिसलं की पुढे पाठवण्याआधी थांबावं. ही सवय कोणत्याही भाषणापेक्षा तुझ्यामुळे अधिक लागते.

'रिकामटेकड्यांचा उद्योग' असं तुला कुणी म्हटलं तर त्याला दोन माणसांची गोष्ट सांगावी.

पहिली विल्यमिना फ्लेमिंग. पिकरिंग या हार्वर्ड वेधशाळेच्या संचालकाच्या घरी ती मोलकरीण होती, तिथून वेधशाळेत आली. १८८८ साली घेतलेली एक काचेची छायापट्टी तपासताना तिला मृगाच्या पोटातल्या बाणाजवळ, झीटा ओरायनिस या ताऱ्याच्या दक्षिणेला ३० कलांवर, ५ कला व्यासाची अर्धवर्तुळाकार खाच दिसली. तिने तेवढंच नोंदवलं: आकार, माप, जागा. आज तिला आपण अश्वशीर्ष तेजोमेघ म्हणतो. ती खाच म्हणजे पोकळी की समोर आलेली काळी धूळ, हे उलगडायला पुढे बराच काळ गेला. एडवर्ड बर्नार्डच्या १९१९ च्या यादीत ती ३३ वी. घोडा कुणालाही दिसण्याआधी एका बाईने एवढ्याशा जागेकडे टक लावून पाहिलं होतं, आणि पाहिलं तेवढंच लिहिलं होतं. पुढे तेजोमेघांच्या सूचीत हा शोध पिकरिंगच्या नावे लागला आणि तिचं नाव गळलं. ते जागेवर यायला वेळ गेला.

दुसरी हॅनी व्हान आर्केल, नेदरलँड्समधली शाळेतली शिक्षिका. २००७ च्या जुलैत 'गॅलेक्सी झू' सुरू झालं. स्लोन या आकाश-सर्वेक्षणातल्या सुमारे ९ लाख दीर्घिकांची चौकोनी कात्रणं सामान्य लोकांपुढे ठेवायची आणि विचारायचं: सर्पिल की लंबगोल? वर्षभरात दीड लाखांवर माणसांनी ५ कोटींहून अधिक उत्तरं दिली. हॅनीने आयसी २४९७ या दीर्घिकेचं कात्रण पाहिलं आणि तिच्या खाली एक निळसर डाग दिसल्यावर विचारलं, हे काय आहे? प्रश्नपत्रिकेत त्या डागाबद्दल काही नव्हतं. तो निघाला एक प्रचंड वायुमेघ. त्याच दीर्घिकेतल्या क्वेसारने, म्हणजे तिच्या अतितेजस्वी गाभ्याने, तो उजळवला होता, आणि आपल्याला मेघ दिसेपर्यंत क्वेसार स्वतः मंदावला होता. मधल्या गोष्टीबद्दल विचारलं असताना कडेचं पाहणारी माणसं लागतात. ती तू घडवतोस, म्हणून तुझ्याबद्दल एवढ्या आत्मीयतेने लिहितो आहे.

आता काही मागणी.

उत्तरासोबत कारण माग. चित्र शोधयंत्रात टाकलं की क्षणात नाव समोर येतं, आणि नाव हाच विजय असेल तर तू आजच संपलास. पण 'हा खेकडा तेजोमेघ, कारण तंतू सगळ्या बाजूंना ताणलेले आहेत, त्यांच्या आत एक निळसर धूसर प्रकाश भरलेला आहे, आणि असा उजेड स्फोटानंतर मागे उरलेल्या, गरगर फिरणाऱ्या ताऱ्यामुळे येतो' हे लिहायला माणसाला तुकड्यात शिरावंच लागतं. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी ज्या ठिकाणी 'पाहुणा तारा' नोंदवला, तिथलाच हा ढिगारा, हे ज्याला आठवेल त्याचं आणखी कौतुक करू. कारण चुकीचं आणि नाव बरोबर, असं असेल तर मी त्याला पुढचा डाव देणार नाही. कारण चोख आणि नाव शेजारचं, असं असेल तर देईन. काही सोबत्यांना हे पटणार नाही. त्यांच्याशी मी वाद घालायला तयार आहे.

तुकडा फिरवायला हरकत नाही. अंतराळात वर-खाली नाहीच. उत्तर दिशा वर ठेवणं ही आपल्या सोयीची रीत. पण आरशात पाहिल्यासारखा तो उलटवू नकोस. कितीही फिरवली तरी डावीकडे वळणारी दीर्घिका पृथ्वीवरून उजवीकडे वळलेली दिसत नाही. ते आकाश कधी कुणाला दिसलेलंच नाही. गॅलेक्सी झूनेच एकदा मुद्दाम उलटी चित्रं दाखवली होती, पण तिथे कारण होतं. लोक घड्याळाच्या उलट दिशेच्या दीर्घिका जास्त मोजत होते. विश्वाचाच तसा कल आहे की काय, अशी शंका आली. चित्रं उलटवून दाखवली तरी लोकांनी पुन्हा घड्याळाच्या उलट दिशेच्याच जास्त मोजल्या. कल विश्वाचा नव्हता, पाहणाऱ्या डोळ्यांचा होता. डोळे तपासायला उलटव, पण केवळ फसवायला नको.

दृश्य प्रकाशाबाहेरही जात जा. नारायणगावाजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० रेडिओ दुर्बिणी एकत्र काम करतात. त्यांच्या नकाशात रंगीत ढग नसतात. दीर्घिकेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले रेडिओ लहरींचे झोत आणि कोपऱ्यात एक छोटा लंबगोल, एवढंच. तो लंबगोल म्हणजे त्या निरीक्षणाची नजर किती बारीक होती त्याचं माप. त्याहून लहान काही दिसतं असा दावा कुणी केला तर मानू नये. तो लंबगोल ठेवून तुकडा काप, किती चर्चा होईल!

आणि उत्तर लागलं की चित्र कुणाचं ते जरूर सांग. ज्या माणसाने कितीतरी रात्री जागून तो प्रकाश गोळा केला, त्याचं नाव आपण कापून टाकलेल्या भागात राहून जातं. फ्लेमिंगबाईंच्या बाबतीत जे झालं ते आपल्या हातून नको.

माझी पाळी आहे, तर तुकडा देतो. चित्रभर फिकट निळा उजेड. तो ढगासारखा गोळा झालेला नाही. बारीक, एकमेकींना जवळजवळ समांतर रेषांत ताणलेला आहे. लाल रंगाचा मागमूस नाही, म्हणजे इथला हायड्रोजन स्वतः प्रकाशत नाही. धूळ दुसऱ्या कुणाचा तरी उजेड परतवते आहे. तो दुसरा कुणी वरच्या कडेबाहेर राहिला आहे, पण त्याचा एक लांब भाला आत उतरला आहे. तुकडा फिरवलेला आहे, उलटवलेला नाही. ज्या तारकासमूहातला हा भाग आहे, तो शहराच्या उजेडातही नुसत्या डोळ्यांनी सापडतो. त्या ताऱ्याचं नाव आणि कशावरून ओळखलं, दोन्ही लिहा.

तुझा,
एक सोबती