बाहेर पडलेल्यांची खुर्ची

मंडळ फुटणे आपल्याला नवे नाही. अध्यक्षपदावरून रुसवा, मग वेगळा गणपती आणि चार वर्षांनी पुन्हा एकत्र संक्रांत! पण हाती बंदुका असलेली संघटना फुटते तेव्हा काय होते, हे ब्रिटनमध्ये राहायला आल्यावर उत्तर आयर्लंडचा इतिहास वाचताना मला कळले.

तिथल्या तीस वर्षांच्या संघर्षात सुमारे ३,५०० माणसे गेली. जुलै १९९७मध्ये आयआरएने शस्त्रसंधी केली, सप्टेंबरमध्ये तिच्याशी जोडलेला शिन फेन पक्ष वाटाघाटींना बसला. हे न पटलेले लोक त्याच वर्षाअखेर फुटून 'रिअल आयआरए' झाले. पलीकडे, शिन फेन आत आला म्हणून इयन पेस्लींचा डीयूपी पक्ष उठून गेला. एकाला बोलवावे तर दुसरा रुसतो.

तरी आयोजकांनी एक शहाणपण आधीच केले होते. १९९६च्या निवडणुकीत पहिल्या दहा पक्षांना प्रत्येकी दोन जादा जागा ठेवल्या. त्यामुळे ब्रिटननिष्ठ सशस्त्र गटांचे दोन छोटे पक्ष आत आले. जेमतेम एक टक्का मते मिळालेली महिला आघाडीही आली. जानेवारी १९९८मध्ये त्या गटांपैकी एकाच्या कैद्यांनी पाठिंबा काढला, तेव्हा मंत्री मो मोलम स्वतः मेझ तुरुंगात जाऊन त्यांच्याशी बोलल्या. खुन्यांची मनधरणी कशाला, असे अनेकांना वाटले. हे वाचताना मलाही बरे वाटले नाही. पण ज्याच्या हाती बंदूक, त्याच्या होकाराशिवाय ती खाली ठेवली जात नाही.

१० एप्रिल १९९८ रोजी करार झाला. मे महिन्यात उत्तरेतल्या ७१ टक्के मतदारांनी तो स्वीकारला. आणि १५ ऑगस्टला, आपण झेंडावंदनाला जमतो त्या दिवशी, रिअल आयआरएने ओमा गावात बॉम्ब फोडला. २९ माणसे मेली.

करार मात्र मोडला नाही. बहुतेक सशस्त्र गट तोवर आत आले होते आणि जनतेचा कौल मतपेटीत नोंदला गेला होता. फुटलेल्यांना कोणाच्या नावाने लढतो हे सांगता येईना. रुसून गेलेल्या पेस्लींसाठीही दार उघडे राहिले. २००७मध्ये ते आयआरएचे एकेकाळचे नेते मार्टिन मॅकगिनेस यांच्या शेजारी बसून सरकार चालवू लागले.

सगळे येईपर्यंत थांबले असते तर करारच झाला नसता. पण बाहेर राहिलेल्या मूठभरांची किंमत ओमातल्या घरांनी मोजली, हेही त्याच हिशेबात लिहायला हवे.