मिनियापोलिसचा हिवाळा आणि आपली मुले

सन १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी फिलाडेल्फियास गेल्या, तेव्हा तेथील थंडीत लुगडे कसे नेसावे हाही त्यांच्यापुढील एक प्रश्नच होता. १८८६ साली पदवी संपादून त्या परतल्या खऱ्या. परंतु तेथील थंडी व न मानवणारा आहार यांनी प्रकृती खंगली होती, आणि क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच, पुण्यास त्यांचा अंत झाला. आज क्षयावर औषध आहे आणि तिकडील घरेही उबदार आहेत. तथापि परदेशी निघालेल्या मुलाची बॅग भरताना घरोघर जी धांदल उडते, ती पाहिली म्हणजे थंड मुलखाची खरी कल्पना आपणांस अजून आलेली नाही असे वाटते. आमचा पुतण्या मिनेसोटा विद्यापीठात शिकत असता आम्ही उभयतांनी मिनियापोलिस येथे एक हिवाळा काढला. त्यावरून सुचलेल्या चार गोष्टी वाचकांपुढे ठेवतो.

हे नगर ४५ उत्तर अक्षांशाजवळ, मिसिसिपीच्या काठी वसले आहे आणि विद्यापीठ नदीच्या दोन्ही तीरांवर पसरले आहे. त्यांस जोडणारा पूल दुमजली असून खालून वाहने व वरून माणसे जातात. वरच्या मजल्यावर वाऱ्यापासून आडोसा म्हणून बंदिस्त वाटही केली आहे. विद्यापीठातील कित्येक इमारती भुयारांनी जोडलेल्या आहेत, तर गावाच्या मध्यभागी १९६२ पासून एका इमारतीतून दुसरीत नेणारे काचेचे पूल बांधले गेले. एवढी तजवीज का, हे जानेवारीत उमजते. त्या महिन्याचे सरासरी तपमानच सुमारे उणे ९ अंश सेल्सिअस! ३० जानेवारी २०१९ रोजी पारा उणे ३३ पर्यंत उतरला आणि विद्यापीठास वर्ग बंद ठेवावे लागले. वाऱ्यासह जाणवणारी थंडी उणे २८ अंशांस पोचली, की उघडी कातडी अर्ध्या तासात गोठू शकते.

कपडा जितका जाड तितका चांगला, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. ऊब राखते ती कपड्यांच्या थरांत कोंडलेली हवा. सुती गंजी घामाने ओली राहून अंगाची ऊब हिरावून घेते. म्हणून अंगालगत पातळ लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचा कपडा, त्यावर स्वेटर आणि सर्वांवर वारा अडविणारा कोट, असा क्रम असावा. कोट व बूट मात्र येथे घेऊ नयेत. वर्ग सप्टेंबराच्या आरंभी सुरू होतात आणि कडक थंडीस त्यानंतर अवधी असतो. तेवढ्यात तेथेच, वापरलेल्या कपड्यांच्या दुकानांतूनही, योग्य वस्तू मिळते. त्यासाठी पैसे वेगळे बांधून द्यावेत. बूट बोटे हलतील इतका सैल हवा. दोन-दोन मोजे कोंबले तर रक्त खेळत नाही व पाय अधिकच गारठतात. रस्त्यावरील बर्फाचा पातळ थर नुसत्या ओल्या डागासारखा दिसतो. तेथे पावले आखूड टाकावीत व हात खिशाबाहेर ठेवावेत. बोट पांढरे पडून बधिर झाल्यास ते चोळू नये, विस्तवाजवळ धरू नये. कोमट पाण्यात बुडवून डॉक्टरांस गाठावे.

घरातील तापविलेली हवा फार कोरडी असते. ओठ फुटतात, क्वचित नाकातून रक्तही येते. आजीने प्रेमाने दिलेले खोबरेल तेथे खोलीतही थिजते. ते बाटलीत न देता रुंद तोंडाच्या डब्यात द्यावे. मसाले व मेतकूट द्यावे, पण विमानतळावर प्रत्येक खाद्यपदार्थ जाहीर करण्याविषयी बजावावे; ताजी फळे देऊच नयेत. औषधे मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह असावीत. तेथील वीज १२० व्होल्टची असल्याने घरचा मिक्सर निरुपयोगी. लहान कुकर मात्र रोज उपयोगी पडतो.

परंतु थंडीपेक्षाही अंधार अधिक जाचतो. डिसेंबराच्या उत्तरार्धात तेथे दिवस जेमतेम पावणेनऊ तासांचा असतो. साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. त्याच सुमारास पुण्याचा दिवस अकरा तासांचा असतो. या दिवसांत मूल जेवण टाळू लागते, अंथरुणातून उठत नाही आणि फोनवर मात्र ‘सर्व ठीक आहे’ म्हणून सांगते. दुपारी थोडा वेळ उजेडात फिरणे, आठवड्यातून एकदा तरी मित्रांसह स्वयंपाक करणे, आणि मन फार खिन्न राहिल्यास विद्यापीठातील समुपदेशकांकडे निःसंकोच जाणे, हे त्यास आधीच सांगून ठेवावे.

आपल्या मोठ्या कुटुंबांत फोन एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती फिरतो. दहा जण ‘जेवलास का?’ म्हणून विचारतात आणि दहाही जणांस ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा ज्या काकूशी किंवा आत्याशी मूल मोकळेपणे बोलते, तिने आठवड्यातून एकदा एकटीने बोलावे, हे बरे. आणि वडील मंडळींनी निरोपापूर्वीच सांगून टाकावे, की आजार किंवा अपयश कळविण्यात कमीपणा नाही, परतीच्या तिकिटाचे पैसे घरी बाजूस ठेवले आहेत.